नावेतून दिसणारा काठ

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात एक दृष्टान्त येतो. नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडे भराभर मागे पळताना दिसतात, पण नीट पाहिले की कळते, झाडे जागची हललेली नाहीत. कर्मे चाललेली दिसत असतानाही आत्मस्वरूप तसेच निश्चळ असते, एवढे ज्ञानदेवांना त्यातून सांगायचे आहे. याच्या सुमारे आठशे वर्षे आधी, इ.स. ४९९ मध्ये, आर्यभटाने हाच दृष्टान्त वापरला होता. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला स्थिर वस्तू उलट दिशेने जाताना दिसतात, तशाच स्थिर तारका आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो म्हणतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे त्याला सांगायचे होते. दोघांत धागा जोडण्याची खटपट करायला नको, कारण नदीकाठी राहणाऱ्या कुणालाही हा अनुभव येतो. त्या दृष्टान्ताचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. आर्यभटावर वराहमिहिराने आक्षेप घेतला की, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे आले असते? आक्षेप चुकीचा ठरला, पण तो योग्य जातीचा होता. अनुभवातला एक दाखला पुढे करून त्याने विधानाला कोंडीत पकडले. ज्ञानदेवांना मात्र गेल्या सातशे वर्षांत कुणी पक्ष्यांविषयी विचारलेले नाही, आणि विचारले असते तर ते हसण्यावारी गेले असते. नाव तीच आणि झाडेही तीच, पण एका विधानाची परीक्षा आकाशात होते आणि दुसऱ्याची जगण्यात. श्रद्धा आणि विज्ञान यांचे नाते तपासायचे तर ‘हे वाक्य धर्माचे की विज्ञानाचे’ या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही. ‘हे वाक्य खोटे ठरायचे असेल तर काय घडावे लागेल’ असे विचारावे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येते ते वाक्य पोथीत असो, पंचांगात असो की प्रयोगशाळेच्या वहीत, त्याने तपासणीला उभे राहिले पाहिजे. पुढच्या लेखांचा विषय हाच आहे आणि त्यासाठी नेवाशासारखे गाव शोधूनही सापडले नसते. प्रवरेच्या काठावरच्या या एका तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, राहूची कथा घडली असे मानले जाते, शनीचे सर्वांत गाजलेले ठाणे आहे, आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी कुदळ मारून लाखो वर्षे मागचा माणूस वर काढला तोही इथेच.

आधी एक लाडका गैरसमज बाजूला करायला हवा, कारण तो श्रद्धेच्या बाजूने बोलतो आणि श्रद्धेचेच नुकसान करतो. त्याच चौथ्या अध्यायात, नावेच्या जवळच, सूर्य न चालता उदय-अस्तामुळे चालल्यासारखा वाटतो असा आशय आहे. तेवढा उचलून ‘कोपर्निकसच्या अडीचशे वर्षे आधी आमच्या ज्ञानदेवांनी हे सांगितले होते’ असे व्याख्यानांत आणि फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधून मिरवले जाते. पण त्याच ग्रंथात मेरू आहे, शेषही आहे. सूर्याची ओवी खगोलशास्त्र म्हणून घ्यायची तर मेरूच्या ओव्यांनाही तोच न्याय लावावा लागेल, आणि मग हिशेब अंगावर येईल. तिथे कुठे कोन नाही, काळ नाही, अंतर नाही, आकडेमोड नाही. आर्यभटाकडे हे सगळे आहे, कारण त्याला ते हवे होते. ज्ञानदेवांना कर्मातले अकर्म समजावून सांगायचे होते, आणि त्यांनी ते असे समजावले की नांगर धरणाऱ्यालाही पटावे. अशा ओवीवर विज्ञानाचा शिक्का मारणे म्हणजे तिला स्वतःच्या अर्थाने मोठे न होऊ देणे होय. शिवाय त्यात एक कबुलीही दडलेली असते, की विज्ञानाने मान डोलावल्याशिवाय ग्रंथाला किंमत नाही. वारकऱ्याने ती अट कधी घातली नव्हती. ती सुशिक्षितांनी घातली.

याचा अर्थ धर्मग्रंथात तपासता येईल असे काहीच नसते, असाही नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस काळ, ठिकाण आणि राजा तिन्ही सांगितलेली आहेत: शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०; गोदावरीच्या परिसरातले महालयाचे क्षेत्र; आणि यादववंशी राजा रामचंद्र. ही विधाने इतिहासाच्या कसोटीला लागतात आणि उतरतात, कारण देवगिरीच्या रामचंद्रदेवाचा काळ शिलालेखांवरून स्वतंत्रपणे कळतो. तिथेच असेही म्हटले आहे की सच्चिदानंदबाबांनी आदराने लेखकाचे काम केले. नेवाशाची लोकप्रिय कथा मात्र सांगते की हे सच्चिदानंदबाबा मरण पावले होते, ज्ञानदेवांनी त्यांना उठवले आणि मग त्यांनी ग्रंथ लिहून घेतला. लेखक असल्याची नोंद ग्रंथात आहे; मेलेला उठल्याची नाही. कथेच्या मागे लेखनिकाविषयीची कृतज्ञता असेल, शिष्याचा दुसरा जन्म सांगण्याची रीत असेल, पण घटना म्हणून तिला ग्रंथाचाच आधार मिळत नाही. हे दाखवायला नास्तिक असावे लागत नाही, ग्रंथ शेवटपर्यंत वाचावा लागतो.

आणि असे काळजीपूर्वक वाचणे हे श्रद्धावंतांनीच सुरू केले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले, नकलाकारांनी घुसडलेला मजकूर काढला आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. आणखी कुणी आपल्या ओव्या आत घालू नयेत असे बजावूनही ठेवले. ‘परंपरेने आले ते सगळे पवित्र’ असे नाथांनी मानले असते तर आज आपल्या हाती कोणती ज्ञानेश्वरी असती, कोण जाणे. हे काम भक्ताने भक्तीपोटीच केले. परमार्थात तपासणीला जागा नाही असे सांगणाऱ्यांनी आधी एकनाथांशी वाद घालावा. पैस खांबाचेही काहीसे असेच आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला अशी श्रद्धा आहे, त्याच्यावरचा लेख करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाविषयी आहे. त्यातून इथे करवीरेश्वराचे देऊळ होते हे कळते. ज्ञानदेवांबद्दल खांब काही बोलत नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. दुर्गा भागवतांनी याच खांबावर ‘पैस’ लिहिला. पाठ टेकली होती याचा पुरावा त्यांनी मागितला नाही आणि पुरावा असल्याचा आवही आणला नाही, हे त्या लेखाच्या मोठेपणाचे एक कारण आहे.

राहूकडे वळले की प्रकरण अधिक अवघड होते. समुद्रमंथनानंतर विष्णूने मोहिनीरूपाने अमृत वाटले ते नेवाशाला, म्हणून तिथे मोहिनीराजाचे देऊळ. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडवले ते पडले राहुरीला, अशी या भागातली कथा. (राहुरीला आज कृषी विद्यापीठ आहे, शिर पडले त्या जागी माती परीक्षण चालते, हे योग्यच म्हणायचे.) हाच राहू सूर्यचंद्रांना गिळतो म्हणून ग्रहण लागते. आर्यभटाने ग्रहण सावलीमुळे होते असे सांगितले. वराहमिहिराने बृहत्संहितेत तेच मान्य केले आणि गिळणाऱ्या राहूची कल्पना नाकारली. मात्र ब्रह्मदेवाच्या वरामुळे ग्रहणकाळच्या दानाचा, हवनाचा वाटा राहूला मिळतो, अशी सोयही करून ठेवली. ब्रह्मगुप्ताचे वागणे सर्वांत बोलके आहे. इ.स. ६२८ मधल्या आपल्या सिद्धान्तात तो आर्यभटाला दटावतो की राहू नाकारणे हे श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध आहे, आणि त्याच ग्रंथात ग्रहणाचे गणित मात्र पृथ्वीच्या सावलीचा व्यास काढून मांडतो. चारशे वर्षांनी अल्बेरुनीने हे वाचले आणि त्याला नवल वाटले. त्याने तर्क केला की ब्रह्मगुप्ताला खरे माहीत होते, पण सॉक्रेटिससारखी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून तो लोकांच्या बाजूने बोलला असावा. तर्क खरा की खोटा हे आता ठरवता येणार नाही. बोलताना एक आणि गणित करताना दुसरे, ही सवय मात्र आपल्याला चांगली परिचयाची आहे. उपग्रह सोडणाऱ्यांपासून शस्त्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत ती आजही दिसते, आणि तिलाच पुष्कळदा समन्वय म्हटले जाते.

ही दुटप्पी सवय टाळूनही श्रद्धा चालू शकते, याचा पुरावा आपल्याच घरात भिंतीवर लटकत असतो. पंचांग ही धर्माची गरज आहे. एकादशी कधी, संक्रांत कधी, ग्रहणाचा स्पर्श किती वाजता आणि मोक्ष किती वाजता, हे चुकले तर स्नान चुकते, दान चुकते. नांदगावच्या गणेश दैवज्ञाचे ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चे, म्हणजे इ.स. १५२० चे, महाराष्ट्रातली पंचांगे कित्येक पिढ्या त्यावर चालली. पण ग्रहांच्या गतीत धरलेली बारीकशी चूक दर वर्षी साठत जाते आणि तीनशे वर्षांनी ती आकाशात दिसू लागते. पोथीतला चंद्र एकीकडे आणि डोळ्यांना दिसणारा चंद्र दुसरीकडे, असे झाल्यावर काय करायचे? केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६५ पासून आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले, ते पटवर्धनी पंचांग. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी गणिताचे सबंध काम नव्याने उभे केले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ लिहून आपल्या पूर्वजांना काय येत होते आणि काय येत नव्हते ते जमाखर्चासारखे मांडले. टिळकही या वादात हिरिरीने उतरले. वाद झाले, अयनांशावरून पक्ष पडले, ते पूर्ण मिटलेलेही नाहीत. पण आकाश पोथीप्रमाणे चालत नसेल तर दुरुस्ती पोथीत करायची, हे तत्त्व धर्मशास्त्राला मानणाऱ्या माणसांनीच व्यवहारात स्वीकारले. त्यानंतर एकादशी बंद पडली नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये मांडले की विज्ञान वस्तुस्थितीचे आणि धर्म मूल्यांचा व अर्थाचा. दोघांची राज्ये वेगळी, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये. मग वाक्यावाक्याची झडती कशाला? ही वाटणी सभ्य आहे, पण लोक ज्याला धर्म म्हणतात तो या हद्दीत राहत नाही. नेवासा तालुक्यातल्याच शनिशिंगणापूरचे पाहा. घरांना दारे नाहीत, चौकटी उघड्या. भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून फार तर फळी टेकवलेली. कारण शनिदेव राखण करतो, इथे चोरी होत नाही आणि झालीच तर चोराला शिक्षा भोगावी लागते. यातले ‘इथे चोरी होत नाही’ हे मूल्याचे वाक्य नाही. ते वस्तुस्थितीचे वाक्य आहे, पोलिसांच्या नोंदवहीने खोटे ठरू शकते, आणि २०१० नंतर तिथल्या चोऱ्यांच्या बातम्या छापूनही आल्या. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा उघडली ती ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजली, पण काचेच्या दाराला सहज न दिसणारे, रिमोटने चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप होतेच. ब्रह्मगुप्ताची आठवण येते ती इथे: तोंडाने राहू आणि हिशेबात सावली. गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट शिंगणापूरकरांच्या बाजूने सांगायला हवी. शेजाऱ्यावर इतका विश्वास टाकून पिढ्यान्पिढ्या उघड्या घरात राहणे ही सामाजिक कमाई आहे, आणि ती खरी आहे. फक्त तिचे श्रेय चौथऱ्यावरच्या शिळेला दिले की त्या कमाईची कारणे शोधण्याची वाट बंद होते.

शनीच्या बाबतीत परंपरेचे एक अंग तर अगदी अचूक आहे. शनी सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे घेतो. बारा राशींत ही फेरी वाटली की एका राशीला अडीच वर्षांच्या जवळपास काळ येतो. जन्मराशीच्या आधीची, जन्मराशी आणि पुढची अशा तीन राशी धरल्या की साडेसात वर्षे. साडेसातीचा आकडा कुणी भीती घालायला बनवलेला नाही. दुर्बीण नसताना पिढ्यांनी रात्र रात्र जागून केलेल्या निरीक्षणातून तो आला आहे, आणि त्या निरीक्षणाला मुजराच केला पाहिजे. घोटाळा पुढच्या पायरीवर आहे. बारांपैकी तीन राशी म्हणजे कोणत्याही दिवशी दर चार माणसांमागे साधारण एकाला साडेसाती चालू असते. इतक्या मोठ्या संख्येला कायम संकट असते का, ते उरलेल्या तिघांपेक्षा जास्त असते का, हे मोजता येण्यासारखे आहे. जन्मपत्रिकेवरून माणसाविषयी काही कळते या दाव्याची एक मोजणी पुण्यात झालीही. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी बुद्धिमान मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवून त्यांतल्या चाळीस पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांची सरासरी ४६ टक्के आली; चाळीसपैकी सर्वांत जास्त बरोबर उत्तरे २४. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या आणि १०२ बरोबर ओळखल्या. नाणे उडवूनही साधारण एवढेच हाती लागले असते. या प्रयोगाने साडेसातीचा निकाल लागला असे म्हणता येत नाही. प्रश्न वेगळा होता. पण असे दावे ‘श्रद्धेचा विषय’ म्हणून तपासणीबाहेर ठेवता येत नाहीत, एवढे त्याने दाखवून दिले.

‘विज्ञानसुद्धा शेवटी श्रद्धाच’ हा दुसरा आक्षेप. आपल्यापैकी कितीजणांनी अणू पाहिला आहे? शास्त्रज्ञावर विश्वास ठेवायचा तर बाबांवर का नको? सामान्य माणूस विज्ञान विश्वासावर घेतो, हे खरेच आहे. पण ज्या व्यवस्थेवर तो विश्वास टाकतो, तिच्यात दुसऱ्याची चूक दाखवणाऱ्याचा मान वाढतो. वराहमिहिराचा पक्षी आर्यभटाला अडवू शकला आणि नंतर त्या पक्ष्याचेही उत्तर निघाले, कारण हवा पृथ्वीसोबत फिरते. अशी अडवणूक जिथे अपमान किंवा पाप ठरते, तिथल्या विश्वासाची जात निराळी. विज्ञान चुकते, कधी कधी माजतेही. शास्त्रज्ञ आपल्या क्षेत्राबाहेर अधिकाराने बोलतात आणि तोंडघशी पडतात. तरी त्यांना पाडणारे पुष्कळदा शास्त्रज्ञच असतात, आणि ते पाडण्यासाठी जागा राखून ठेवलेली असते.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो: तपासता येते ते सगळे विज्ञानाने नेले तर श्रद्धेकडे उरले काय? याचे उत्तर नेवाशाच्या मातीतच थोडेफार आहे. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ मध्ये लाडमोड टेकाड खणले. प्रवरेच्या वाळूगोट्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे मिळाली, जवळच्या चिरकीला गुद्रून कोर्विनस यांनी पुढे हातकुऱ्हाडींचे मोठे स्थळ उजेडात आणले, आणि इथल्या सर्वांत जुन्या हत्यारांचे वय साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे जाते. त्याच्या वरच्या थरात जोर्वे संस्कृतीची घरे लागली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. घराच्या जमिनीखाली मुले पुरलेली. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, आणि आत लहानगा देह. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर तो रेशमाचा आणि त्यात कापसाचे तंतू असल्याचे कळले. हे सगळे ज्ञान विज्ञानाचे आहे: मातीचा थर, हाडाचे वय, धाग्याचा तंतू. मूल घराबाहेर न नेता चुलीजवळच का ठेवले, माळ काढून का घेतली नाही, याबद्दल पुरातत्त्वज्ञ अंदाज करू शकतात आणि जबाबदारीने करतात. पण तो दाह घेऊन कसे जगायचे, हा प्रश्न त्या घराला होता आणि आजच्या घरालाही आहे. त्याचे उत्तर कार्बनच्या मोजणीतून निघत नाही. हे श्रद्धेचे खरे क्षेत्र आहे आणि ते मुळीच लहान नाही. पसायदानातली मागणी तपासून पाहायची म्हटली तर काय तपासणार? दुष्टांची दुष्टता जावी, असे मागणारा माणूस जगाविषयी माहिती देत नसतो. जग कसे असावे याविषयी तो स्वतःला बांधून घेत असतो.

राहिला तो भावना दुखावण्याचा प्रश्न. कुणाच्या साध्या विश्वासाला हात लावल्याने काय साधते? विश्वास स्वतःपुरता असेल तर काहीच साधत नाही, आणि तिथे गप्प बसणे हाच सुसंस्कृतपणा. पण तपासता येणारे विधान दुसऱ्याच्या हक्कावर येऊन बसते तेव्हा गप्प बसणे हे त्या दुसऱ्याविरुद्ध मत देणे होते. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती; शनीच्या लहरींनी त्यांना अपाय होतो, असेही कारण काहींकडून दिले जाई. अपाय होतो हे वस्तुस्थितीचे विधान होते. ते कुणी कधी तपासले नव्हते, आणि तपासायचे असेल तर पुरुषांनाही त्याच लहरी का लागत नाहीत इथून सुरुवात करावी लागली असती. दाभोलकर आणि त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने हा प्रश्न २००० च्या सुमारासच उचलला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुणाच्या देवाला हात लावला नाही, फसवणूक आणि इजा करणाऱ्या कृत्यांची यादी केली. उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये सांगितले की पुरुषांना जिथे जाता येते तिथे स्त्रियांना अडवता येणार नाही, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा खुला केला. त्यानंतर स्त्रिया वर गेल्या. शनीचे भक्त कमी झाले नाहीत, शनिअमावास्येची गर्दी ओसरली नाही, आणि चौथऱ्यावर तेल घालणाऱ्यांत आता ज्यांना त्या लहरींची भीती घातली जात होती त्याही आहेत.